मिठाच्या पाण्यातलं भात

रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या ओटीवर मोठा टोप यायचा. आबा त्यात दहा लिटर पाणी मोजून ओतत, तीनशे ग्रॅम मीठ विरघळवत आणि बियाण्याचं भात त्यात सोडत. हाताने ढवळून थोडं थांबलं की काही दाणे तळाशी बसत, काही वर तरंगत. वरचे आबा झाऱ्याने काढून टाकत. तळचे दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत पसरत. माझ्याकडे काम असे ते त्या भातावरून कोंबड्या हाकलण्याचं. वर येतात ते दाणे पोचट, एवढं ऐकून ठाऊक होतं. पण पाण्यात मीठ कशाला, हे मी कधी विचारलं नाही.

पुढे शाळेत ‘घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान’ हे पाठ केलं. गणितं सोडवली, मार्क मिळवले. त्या भागाकाराचं आणि आमच्या ओटीवरच्या टोपाचं काही नातं आहे, हे मात्र मला कोणी दाखवलं नाही आणि माझं मलाही दिसलं नाही.

यंदा मे महिन्यात माझी भाची गावी आली होती. आता आठवीत जाईल. विहिरीवर पाणी काढताना म्हणाली, “आत्या, जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते, हो ना?” मी काही बोलले नाही. बादली भरून घेतली आणि स्वयंपाकघरातून स्टीलचा एक चमचा आणि एक वाटी आणली. “यातलं जड काय?” तिने दोन्ही हातांत तोलून पाहिलं. वाटी जड होती. चमचा सोडला, तो तळाला गेला. वाटी अलगद ठेवली, ती तरंगली. मग तिनेच बोटाने वाटीची कड दाबली. पाणी आत शिरलं आणि वाटीही चमच्याशेजारी जाऊन बसली.

वाटीचं स्टील तेच होतं, वजनही तेच. गेली ती तिच्या पोटातली हवेची जागा. वस्तू पाण्यात शिरते तेव्हा आपल्यापुरतं पाणी बाजूला सारते आणि त्या सारलेल्या पाण्याच्या वजनाइतक्या बळाने पाणी तिला वर ढकलतं. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने हे बावीसशे वर्षांपूर्वी ओळखलं. लोखंड पाण्याच्या सुमारे 7.8 पट घन असतं. त्याचा एक किलोचा गोळा फार तर 128 ग्रॅम पाणी बाजूला सारतो, म्हणून बुडतो. तेच लोखंड ठोकून लिटरभराहून अधिक मावेल असं पसरट भांडं केलं, तर ते किलोभर पाणी सारून तरंगतं. जयगडच्या बंदरात लागणारी पोलादी जहाजं ही अशीच वाटी आहे, फक्त खूप मोठी.

त्या दिवसापासून भाचीला घरभर घनता दिसू लागली. कढईत सोडलेली पुरी आधी तळाशी जाते. आत वाफ धरून फुगली की वर येते, कारण पीठ तेवढंच राहून तिने जागा जास्त व्यापलेली असते. हापूस झाडावरून उतरवला की पाण्यात टाकून बघतात. तयार झालेला आंबा बुडतो, कोवळा वर राहतो. फळ तयार होत जातं तसा आतला गर भरत जातो, म्हणून.

मग आबांनी टोप मांडला आणि मी न विचारलेला प्रश्न तिने विचारला, “आजोबा, मीठ का?” आबांनी आधी साध्या पाण्यात मूठभर भात टाकून दाखवलं. अगदी फोल तेवढे दाणे वर आले. मग मीठ विरघळवलं, तशी मघाशी तळाशी गेलेल्यांतले आणखी काही दाणे वर उठले. मीठ घातलं की पाण्याची घनता 1 वरून 1.02 च्या आसपास जाते, जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतकी. अर्धवट भरलेला दाणा साध्या पाण्यापेक्षा थोडा घन असतो, म्हणून त्यात तो बुडून चांगल्या दाण्यांत मिसळतो. मिठाच्या पाण्यापुढे तो कमी पडतो आणि वर येतो. दाणा तोच राहतो, बदलतं ते पाणी. तरंगणं हा एकट्या वस्तूचा गुण नव्हे, ती वस्तूची आणि पाण्याची तुलना आहे. हे मला सूत्र पाठ करून कित्येक वर्षं झाल्यावर, त्या ओटीवर उमगलं.

म्हणून शिक्षकांना आणि आईबाबांना माझं मनापासून सांगणं आहे: फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी मुलांपुढे पाण्याची बादली ठेवा. वाटी, चमचा, मूठभर भात, चार चमचे मीठ, यात न परवडण्यासारखं काही नाही. मुलांना आधी अंदाज करू द्या, तो चुकू द्या, आणि का चुकला ते त्यांचं त्यांना शोधू द्या. सूत्र नंतर येऊ दे. तेव्हा ते परकं वाटत नाही.

भाचीने झाऱ्यातला एक दाणा उचलला आणि तळचा एक. दोन्ही नखाने सोलून तळहातावर शेजारी ठेवले. एकाच्या टरफलात काठोकाठ तांदूळ होता, दुसऱ्याच्या टरफलात बारीक, सुकलेली कणी. ती बराच वेळ पाहत राहिली. “आत्या,” ती म्हणाली, “आकारमान तेच आहे. याचं वस्तुमान भरायचं राहून गेलं.”