सरासरीत लपलेली दरी



अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गरम पाण्याचा एक नैसर्गिक फवारा आहे. नाव ओल्ड फेथफुल. फवारा उंच उडतो, थांबतो आणि काही वेळाने पुन्हा उडतो. दोन फवाऱ्यांमध्ये किती मिनिटं गेली, अशा २७२ जुन्या नोंदी ‘आर’ या संगणकाच्या भाषेत आयत्याच मिळतात. न्यूझीलंडच्या विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात ही भाषा तयार केली. ती फुकट मिळते, बरं का!

या नोंदींची सरासरी सुमारे ७१ मिनिटं. म्हणजे बहुतेक वेळा ७१ मिनिटंच थांबावं लागत असेल, नाही का? आयतालेख काढून पाहू या.

आई धान्य डब्यांत भरते, तशा आपण नोंदी गटांत भरायच्या. जितक्या नोंदी, तितका स्तंभ उंच. स्तंभ मात्र एकमेकांना चिकटलेले. आरमध्ये ‘हिस्ट’ लिहून कंसात नोंदींचं नाव दिलं, की चित्र तयार! ‘कॉल’ने रंग भरायचा, ‘मेन’ने शीर्षक द्यायचं आणि ‘ब्रेक्स’ने गट कुठे तोडायचे ते सांगायचं.

मी आधी २०-२० मिनिटांचे गट केले. ४० ते ६० मध्ये ८३ नोंदी, ६० ते ८० मध्ये १०५, ८० ते १०० मध्ये ८४. मधोमध छान टेकडी! मग ‘ब्रेक्स’ बदलून ५-५ मिनिटांचे गट केले. आणि काय गंमत! टेकडी गायब, दोन डोंगर उभे! ५० ते ५५ मध्ये ३३ नोंदी, ७५ ते ८५ या दोन गटांत मिळून १०९. आणि मध्ये ६५ ते ७० मध्ये फक्त १०. आपली सरासरी या दरीच्या काठावर बसलेली! कारण असं, की छोट्या फवाऱ्यानंतर कमी थांबावं लागतं आणि मोठ्या फवाऱ्यानंतर जास्त.

हे पाहून मला माझी एक चूक आठवली. अपूर्णांकांच्या चाचणीत वर्गाची सरासरी २० पैकी १२ आली. मी खूश होऊन पुढचा धडा सुरू केला. नंतर आयतालेख काढला, तर निम्मी मुलं १७ च्या आसपास, निम्मी ७ च्या आसपास, आणि १२ च्या जवळ कोणीच नाही! त्या निम्म्या मुलांना अपूर्णांक समजलेच नव्हते. आम्ही तो धडा पुन्हा घेतला. पालकहो, सरासरी सांगितली, की ‘मुलं कुठे कुठे आहेत?’ हेही जरूर विचारा.

करून पाहा : वर्गातल्या प्रत्येकाला शाळेत यायला किती मिनिटं लागतात ते लिहा. चौकटीच्या वहीत ५ मिनिटांचे आणि २० मिनिटांचे गट करून दोन आयतालेख काढा. दोन्ही चित्रं एकच गोष्ट सांगतात का?

तुमच्या बाई