बेकारी वाढली की हंगाम सरला?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने मे २०२५ पासून बेरोजगारीचे आकडे दरमहा देण्यास प्रारंभ केला आणि दुसऱ्याच महिन्यात प्रश्न उभा राहिला. एप्रिलमध्ये ५.१ टक्के असलेला दर मेमध्ये ५.६ टक्क्यांवर गेला. रब्बीची काढणी संपल्याने असे झाले, हा मंत्रालयाचा खुलासा. तो खोटा नाही. मात्र ऑगस्टपर्यंत दर पुन्हा ५.१ वर उतरला, त्याचे श्रेयही मग खरिपाच्या पेरणी-खुरपणीलाच द्यावयास हवे. चढताना हंगाम आणि उतरताना धोरण, असा हिशेब चालत नाही.

प्रगत देशांत आकड्यांतून हंगामाचा वाटा वेगळा काढण्याची रीत रुळली आहे. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत नाताळची गर्दी ओसरल्यावर सुमारे २५ लाख नोकऱ्या प्रत्यक्षात घटल्या. वृत्तपत्रांत मथळा होता पाच लाखांच्या वाढीचा! दरवर्षी होते त्यापेक्षा घट कमी होती, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे परंपरेने गतवर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली जाते. परंतु दिवाळी इंग्रजी तारीख पाळत नाही. २०२३ मध्ये ती १२ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये २० ऑक्टोबरच्या सुमारास. सुट्ट्या व खरेदी ज्या महिन्यात सरकतात, त्याची तुलना बिघडते. शिवाय गतवर्षच असाधारण असेल तर? टाळेबंदीतील एप्रिल २०२० च्या तुलनेत एप्रिल २०२१ मध्ये औद्योगिक उत्पादन १३४ टक्के वाढलेले दिसले, त्याला भरभराट कोण म्हणेल?

बेरोजगारीच्या मासिक मालिकेतून हंगाम गाळायचा, तर काही वर्षांची आकडेवारी हाती हवी. तोवर ग्रामीण आणि शहरी दर वेगळे वाचणे शहाणपणाचे. ग्रामीण दर एप्रिलमधील ४.५ वरून मेमध्ये ५.१ झाला व जुलैत ४.४ वर आला. येथे शेतीचे चक्र स्पष्ट दिसते. शहरांत मात्र तो याच काळात ६.५ वरून ६.९ आणि जुलैत ७.२ टक्क्यांवर पोहोचला. रब्बीच्या काढणीशी पुणे-ठाण्यातील बेकाराचा संबंध लावणे कठीण. परीक्षा आटोपून नोकरी शोधू लागणाऱ्या तरुणांचाही एक हंगाम असतो, हे खरे. पण ऑगस्टमध्येही शहरी दर ६.७ टक्के, म्हणजे एप्रिलहून अधिकच होता. मंत्रालयाचा खुलासा हवा होता तो या वाढीबद्दल.