लिहायला मोकळे, दाखवायला अडलेले

ख्वाजा अहमद अब्बास म्हटलं की लोकांना 'आवारा' आठवतो, नाहीतर 'बॉबी'. राज कपूरचे चित्रपट त्यांनी लिहिले हे खरंच, 'आवारा'त व्ही. पी. साठे सोबतीला होते. पण हा पानिपतचा माणूस मुळात वार्ताहर. 'बॉम्बे क्रॉनिकल'मधलं त्यांचं 'लास्ट पेज' हे सदर पुढे करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात गेलं आणि १९८७ साली अब्बास वारले तोवर चाललं. चाळीसहून अधिक वर्षं! सदर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना हा आकडा ऐकूनच घाम फुटतो.

त्यांचे चित्रपट बातमीतूनच निघत. बंगालच्या दुष्काळावर 'धरती के लाल', मुंबईत पाइपात संसार मांडणाऱ्या जोडप्यावर 'शहर और सपना'. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर त्यांनी आधी पुस्तक लिहिलं, त्यावरून शांतारामबापूंनी चित्रपट केला. गोवामुक्तीवरचा 'सात हिंदुस्तानी' (१९६९) आज लोक अमिताभच्या पदार्पणासाठी ध्यानात ठेवतात. मला त्यातली पात्रनिवड अधिक आवडते: पंजाबी झाला बंगालचा उत्पल दत्त, मराठी गडी झाला जलाल आगा. प्रांताभिमानाला एवढी खोडकर चपराक आपल्या पडद्यावर क्वचितच बसली असेल. बाकी दिग्दर्शक अब्बास बऱ्याचदा अग्रलेखच चित्रित करत. पात्रं बोलण्याऐवजी भाषण करू लागली की प्रेक्षक चुळबुळतो, आणि त्यांच्या चित्रपटांना गल्ल्यावर त्याची किंमत मोजावी लागली.

तरी त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोलाचा चित्रपट मी एक छोटासा माहितीपट मानतो: 'चार शहर एक कहानी'. कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली. एकीकडे श्रीमंती, दुसरीकडे उकिरडा. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. सेन्सॉरनं 'ए' प्रमाणपत्र दिलं. अपील केल्यावर सरकार म्हणालं, ती दृश्यं कापा, 'यू' देतो. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत सरकार नरमलं, काहीही न कापता 'यू' द्यायला तयार झालं. दुसरा कुणी निर्माता पेढे वाटून घरी गेला असता. अब्बासांनी उलट अर्ज वाढवला आणि चित्रपटांच्या पूर्वतपासणीलाच आव्हान दिलं.

त्यामागचं कोडं साधं होतं. हीच वस्ती, हीच गरिबी ते 'ब्लिट्झ'मध्ये लिहीत, तेव्हा छापण्याआधी कुठल्या समितीपुढे मजकूर ठेवावा लागत नसे. माणूस तोच, माहिती तीच; मग कॅमेरा हाती घेतला की परवाना का? १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठानं उत्तर दिलं: चित्रपटाचा परिणाम मनावर अधिक तीव्र होतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देता येते. कलामूल्याचा विचार करा, असंही न्यायालयानं सरकारला बजावलं, पण सेन्सॉर कायम राहिलं. मला हा तर्क तेव्हाचाही लंगडा वाटतो. आज तर वर्तमानपत्रंच आपल्या मोबाइलवर चित्रफिती दाखवतात आणि त्यांना आधी प्रमाणपत्र लागत नाही. चित्रपटगृहासाठी तेच चित्रण जोडलं की लागतं.

त्या खटल्यात सरकारनं एक हमी दिली होती: सेन्सॉरविरुद्धची अपिलं आपण स्वतः ऐकणार नाही, न्यायालय किंवा न्यायाधिकरण ऐकेल. ते न्यायाधिकरण १९८३ मध्ये आलं. २०२१ मध्ये सरकारनं ते मोडीत काढलं. आता सेन्सॉरशी भांडायचं तर माहितीपटवाल्यानं थेट उच्च न्यायालयात वकील उभा करायचा, तोही स्वतःच्या खर्चानं.