विकतची सेवा

अलीकडे आमच्या सुशिक्षित घरांतून एका नव्या यात्रेची प्रथा पडूं लागली आहे. पूर्वीं परीक्षा आटोपली म्हणजे मुलें आजोळीं जात. ज्यांच्या वडिलांच्या खिशाला झेपे तीं महाबळेश्वरास जात. आतां त्यांतलीं कांहीं कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर समुद्रकासवें मोजावयास, किंवा बोर्निओच्या रानांत ओरांगउटानचीं पिलें सांभाळावयास जातात. दोन आठवडे राहतात, त्याबद्दल तेथील संस्थेस आठवड्याच्या हिशेबानें चांगली जबर फी मोजतात, आणि येतांना एक प्रमाणपत्र, शें-दीडशें छायाचित्रें व 'आम्ही वन्यजीवांची सेवा केली' हें एक वाक्य घेऊन येतात. छायाचित्रांबद्दल आमची तक्रार नाहीं. तीं बहुधा सुरेख असतात. तक्रार आहे ती या वाक्याबद्दल.

परदेशीं जाऊं नये, किंवा दुसऱ्याच्या मुलखांतील प्राण्यांची उठाठेव आम्हांस कशाला, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. तरुणानें दूर जावें, चिखल तुडवावा, डांसांना रक्त द्यावें, हें सर्व त्याच्या हिताचेंच आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो फी भरून शिकावयास जातो त्याला विद्यार्थी म्हणतात. त्यानें स्वतःस सेवक म्हणवून घेतलें कीं ऋणकोनें सावकाराची पगडी डोक्यावर चढवल्यासारखें होतें.

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील तोर्तुगेरो हें या संशोधनाचें आद्यपीठ. फ्लॉरिडा विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनीं १९५५ सालीं येथें हिरव्या कासवांच्या माद्यांना धातूचे बिल्ले लावावयास आरंभ केला. बिल्ला परत पाठवील त्यास बक्षीस ठेवलें होतें. पुढें निकारागुआच्या किनाऱ्याकडील कासवें धरणाऱ्या कोळ्यांकडून ते बिल्ले परत येऊं लागले. तेव्हां हीं कासवें चरतात एका मुलखांत आणि अंडीं घालावयास दूरवर पोहून येतात दुसऱ्या मुलखांत, ही गोष्ट शास्त्राच्या दप्तरीं नोंदली गेली. परंतु ही कल्पना मुळांत कोणाची? केमन बेटांवरील कासवें धरणारे जुने तांडेल हेंच सांगत आले होते, आणि कार यांनीं तें त्यांच्या तोंडून ऐकलें होतें. खुद्द तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर त्या काळीं 'वेलादोर' नांवाचे पहारेकरी रात्रभर आपापल्या हद्दींत फिरून वर चढलेली कासवीण उताणी करून ठेवीत, आणि मग ती विक्रीस जाई. कासवीण वाळूवर कोठें चढते, कशाला बिचकते आणि केव्हां मागें फिरते, हें या लोकांना तोंडपाठ होतें. ज्यांच्या धंद्याला आज आपण नाक मुरडतों, त्यांच्याच ओटीवर शास्त्रानें पहिली धुळाक्षरें गिरवलीं.

आतां काळाचा हिशेब पाहा. हिरव्या कासवीस वयांत यावयास वीस-पंचवीस वर्षें, पुष्कळदां त्याहूनहि अधिक, लागतात. एका हंगामांत अंडीं घालून गेलेली मादी पुन्हां त्या किनाऱ्यास येते ती बहुधा दोन-तीन वर्षांनीं. वाळूंत पुरलेलीं अंडीं फुटावयास सुमारें दोन महिने लागतात. म्हणजे जीं अंडीं खड्ड्यांत पडतांना आमच्या चिरंजीवांनीं तांबड्या दिव्याच्या उजेडांत पाहिलीं, त्यांतून पिलें बाहेर पडतील तेव्हां चिरंजीव घरीं येऊन छायाचित्रें दाखवूनहि कंटाळलेले असतील. आणि त्यांतलें एखादें पिलूं वांचून अंडीं घालावयास परत येईल तेव्हां चिरंजीवांचीं स्वतःचीं मुलें परीक्षेस बसत असतील. तोर्तुगेरोस १९७१ पासून चाललेल्या मोजणीवरून असें दिसून आलें कीं, तीन दशकांत हिरव्या कासवांचीं घरटीं कित्येक पटींनीं वाढलीं. त्याच मोजणीनें अलीकडे तीं पुन्हां घटूं लागल्याचेंहि दाखवलें. ही दुसरी वार्ता पहिलीहून मोलाची आहे, आणि तोच किनारा पन्नास वर्षें न कंटाळतां मोजल्याखेरीज ती कोणास कळली नसती. पंधरा दिवसांच्या पाहुण्यानें या वहींत पंधरा ओळी लिहिल्या; वही दुसऱ्याची आहे.

या पंधरा ओळींना मुळींच किंमत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. किनाऱ्यावर माणसें फिरत राहिलीं म्हणजे अंडीं पळवणारा दबून असतो, आणि चांगल्या संस्थेंत फीच्या पैशांतून स्थानिक मदतनिसांचे पगारहि निघतात. कासवांच्या किनाऱ्यावर निदान काम तरी खरें असतें. पिलें सांभाळण्याच्या नांवाखालीं जें कित्येक ठिकाणीं चालतें त्याची कथा निराळी.

ओरांगउटानचें पिलूं सात-आठ वर्षें आईचा पदर सोडीत नाहीं. रात्रीच्या निजेसाठीं फांद्यांचें घरटें कसें विणावें, कोणतें फळ केव्हां पिकतें, हें सारें तें तिच्यापाशीं शिकतें. अशा पोरक्या पिलाला पुन्हां रानांत सोडावयाचें तर त्याला माणसाचा लळा जितका कमी लागेल तितका बरा. त्यांतून आमचें पडसें व आमचा क्षय त्या जातीला जडूं शकतो. असें असतां जी संस्था दर आठवड्यास नवा पाहुणा आणून पिलूं त्याच्या गळ्यांत घालते ती कोणाची सोय पाहते, हें सांगावयास प्राणिशास्त्र नको. कोस्टा रिकाच्या सरकारनें २०१९ सालीं, रानांतील प्राण्यांना कवटाळून स्वतःचीं छायाचित्रें काढूं नका, अशी जाहीर मोहीमच उघडली. प्रवासी हाच ज्या देशाचा मोठा गिऱ्हाईक, त्यानें गिऱ्हाइकाला असें बजावावें, यावरूनच प्रकरण कोठवर गेलें होतें तें दिसतें. उलट, 'येथें कोणत्याहि प्राण्यास हात लावावयास मिळणार नाहीं' असें अर्जाच्या पहिल्याच पानावर छापणारी संस्था आमच्या पालकांना महाग वाटते. एवढे पैसे भरून नुसती दुर्बीण नि वही?

'पण हेतु तर चांगला ना?' असें यावर विचारण्यांत येतें. मनांतल्या हेतूंत आम्ही शिरूं इच्छीत नाहीं. त्याचें मोल प्रसंगीं कोणाला द्यावें लागतें एवढेंच पाहूं. लिमोन बंदराजवळील मोइनच्या किनाऱ्यावर हाइरो मोरा सांदोवाल नांवाचा सव्वीस वर्षांचा तरुण काम करीत असे. तो त्याच कॅरिबियन पट्टींतला. रात्रीं गस्त घालून चामडपाठी कासवांचीं अंडीं चोरांच्या आधीं गांठावीं आणि सुरक्षित जागीं हलवावीं, हा त्याचा उद्योग. या कामांत जिवाला धोका आहे, पोलिसांची मदत हवी, हें तो जाहीरपणें सांगत होता. २०१३ च्या मे महिन्याच्या अखेरीस एका रात्रीं तो चार परदेशी स्वयंसेविकांसह गस्तीवर असतां त्यांची गाडी अडवण्यांत आली. त्या चौघीजणी सुटल्या. ३१ मे रोजीं हाइरोचें प्रेत किनाऱ्यावर सांपडलें. पुराव्याच्या हाताळणींतील दोषांमुळें २०१५ सालीं आरोपी खुनाच्या आरोपांतून सुटले. फेरखटला होऊन २०१६ सालीं चौघांना शिक्षा झाली. त्या स्वयंसेविकांना आम्ही यत्किंचितहि दोष देत नाहीं. त्यांच्यावर गुदरलेला प्रसंग कोणावरहि न येवो. पण त्यांना परत जावयास देश होता. हाइरोला जावयास दुसरा किनारा नव्हता. अशा माणसाच्या मागून पंधरा रात्री चालून आलेल्यानें सेवा हा शब्द उच्चारतांना जरा अडखळावें, एवढी अपेक्षा फार नाहीं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. परकी पैसा व परकी माणसें नसतील तर गरीब देशांत हें संशोधन चालावें कसें? पैशापुरतें हें बरोबर आहे, माणसांपुरतें नाहीं. त्याच देशाच्या वायव्येस गुआनाकास्ते येथें डॅनियल जॅन्झन व विनी हॉलवॉक्स या अमेरिकन शास्त्रज्ञ दांपत्यानें निराळा मार्ग धरला. पैसा त्यांनीं बाहेरून पुष्कळ आणला, पण हात तेथलेच घेतले. १९८९ पासून त्या मुलखांतील शेतकरी, मजूर व घरकाम करणाऱ्या बायका यांना महिनोन्महिने शिकवून, पगारावर नेमून, कीटक जमवण्याच्या व सुरवंट वाढवून त्यांची नोंद ठेवण्याच्या कामास लावण्यांत आलें. महाविद्यालयाचें तोंडहि न पाहिलेल्या या मंडळींनीं वर्षानुवर्षें रोज सकाळीं तेंच रान तुडवून जो संग्रह उभा केला, त्यांतून शास्त्राला ठाऊक नसलेल्या जाती पुढें आल्या. आणि २०१४ सालीं गांधीलमाशीच्या वर्गांतील अनेक चिमुकल्या नव्या जातींना याच लोकांचीं नांवें देण्यांत आलीं. आमच्या विद्यापीठांतून पदव्यांचे भारे घेऊन बाहेर पडलेल्या किती जणांच्या नांवाची माशी आहे? (हा टोला आमच्या स्वतःच्या व्यवसायास आहे, वाचकांनीं तो मनावर घेऊं नये.)

आमच्याकडे शिफारसपत्रासाठीं येणारे विद्यार्थी परदेशी विद्यापीठांच्या अर्जांत ही कासवयात्रा हटकून घालतात. त्यांना आम्ही एकच प्रश्न विचारतों: रात्रीं तुला किनाऱ्यावर नेणाऱ्या माणसाचें नांव काय? कांहींजण चटकन् सांगतात, त्याच्या घरच्या मंडळींचीहि माहिती देतात. त्यांचें पत्र लिहावयास आम्हांस आनंद होतो. पुष्कळांना मात्र संस्थेचें नांव आठवतें, विमान कंपनीचें आठवतें, हें आठवत नाहीं. आणि आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांत, मंडणगड तालुक्यांतील वेळासला ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अंडीं घालावयास येतात, चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र संस्थेनें २००२ पासून गांवकऱ्यांना हाताशीं धरून तेथें हेंच काम उभें केलें, आणि पाहावयास येणारे पाहुणे गांवकऱ्यांच्याच घरीं उतरतात व जेवतात, हें त्यांतल्या अनेकांच्या गांवींहि नसतें. वेळासच्या वारीचें अर्जांत वजन पडत नाहीं, असें एका पालकांनीं आम्हांस मोठ्या प्रांजळपणें सांगितलें. यापुढें बोलणेंच खुंटलें.

तेव्हां ज्यांना पाठवावयाचें त्यांनीं मुलांना खुशाल पाठवावें. पण अर्जांत तो खर्च शिक्षणाच्या रकान्यांत मांडावा, आणि फी भरण्यापूर्वीं संस्थेला तीन-चार गोष्टी पत्रानें विचाराव्या. पाहुणे नसतात त्या महिन्यांत किनारा कोण फिरतें? त्याला पगार किती मिळतो, आणि कोणत्या वर्षापासून? छापलेल्या अहवालावर त्याचें नांव असतें काय? प्राण्यांना हात लावावयास मिळतो काय? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' असें उत्साहानें उत्तर आलें तर पुढचा पत्रव्यवहार करूं नये. सर्वांचीं सरळ उत्तरें देणाऱ्या संस्थाहि आहेत. त्यांची फी कमी नसते, आणि छायाचित्रें मात्र फारशीं चांगलीं येत नाहींत, कारण तांबड्या दिव्यांत कासवीण नीट दिसत नाहीं.