पिशवी परत, पैसे परत!

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००. ‘कारवाई फक्त छोट्या दुकानदारांवरच का?’ हा तुमचा राग मला पटतो. आधी पिशव्या बनवणाऱ्यांना धरायला हवं. पण रत्नागिरीतल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले कासव जेलीफिश खातं आणि पाण्यात तरंगणारी पिशवी त्याला जेलीफिशच वाटते. ती गिळली की आतडं अडतं. पिशवी कुणाच्या दुकानातली, हे त्याला काय माहीत?

गिऱ्हाईक तुटेल ही भीती सोडा. उद्यापासून काउंटरवर विचारा, ‘ताई, पिशवी आणलीय ना?’ नसेल तर कापडी द्या, पैसे घ्या. परत आणली की पैसे परत. पिशवी द्यायला गिऱ्हाईक तुमच्याच दुकानात येणार ना!