तुळईचा सातबारा

नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतून या महिन्यात आलेल्या पत्रांची तक्रार एकच आहे: जुनं घर पाडलं, त्याच्या लाकडाचा माल टेम्पोत भरला आणि तो वाटेत अडकला. एका सभासदाला तर वनखात्याच्या कार्यालयात सांगण्यात आलं की, ही तुळई ज्या झाडाची, ते झाड कोणत्या गटात उभं होतं त्याचा सातबारा आणा. तुळई नाथसागराच्या फुगवट्यात गेलेल्या गावातली. धरण भरलं तेव्हा, १९७० च्या दशकात, घरमालकाने ती बैलगाडीवर घालून नव्या गावठाणात आणली. बुडालेल्या घरातही ती कोरी नव्हती. तिच्या पोटाला त्याआधीच्या खांबाच्या कुसवांची बुजवलेली भोकं आहेत. आता सातबारा काढायचा तर पाणबुड्या लावावा लागेल!

चूक एकट्या साहेबांची नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातल्या इमारती लाकडाच्या व्याख्येत कापलेलं, घडवलेलं, कोरलेलं सगळंच येतं. कलम ६९ त्याहून पुढचं: मालकीचा प्रश्न निघाला की वनोपज सरकारचं धरायचं, नसल्याचं सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. चार पिढ्या ज्या सराखाली निजल्या तो सर सरकारचा. बरं, नियम बदलता येत नाहीत असंही नाही. २०१७ मध्ये बांबू झाडाच्या व्याख्येतून बाहेर निघालाच ना? डिसेंबर २०२३ मध्ये लाकडाच्या वाहतूक परवान्याची देशभरासाठी एकच ऑनलाइन प्रणालीही आली. मग पाडकामाच्या मालाला घरपट्टीचा उतारा, ग्रामपंचायतीचा दाखला आणि जागेवरचा पंचनामा एवढ्यावर पास का मिळू नये? काजळी, खिळ्यांची भोकं, खाचा पाहून घरातलं लाकूड कोणतं आणि काल तोडलेलं कोणतं, हे आपल्याकडचं शिकाऊ पोरही सांगेल. अर्थात, ओला साग 'जुना माल' म्हणून खपवणारे महाभागही आपल्यातच आहेत. साहेबांच्या संशयाला खतपाणी त्यांनीच घातलं.

याच टपालात आणखी एक मागणी आली. आपल्या अंकात छापतो त्या कारागिरांच्या यादीत धर्माप्रमाणे वेगळे भाग करा म्हणे, गिऱ्हाइकं विचारतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करणारा ठराव केला, तेव्हापासून ही भाषा वखारीतही ऐकू येते. झाडाचं मूळ विचारलं म्हणून साहेबांवर चिडायचं आणि मिस्त्रीचं मूळ आपणच विचारायचं?

जुन्या लाकडाच्या धंद्यात तरी हे परवडणारं नाही. तुळईत राहिलेला एक चुका आऱ्याची पट्टी तोडतो. तुटलेली पट्टी कापणाऱ्याच्या तोंडावर येते. त्याचा जीव असतो सकाळभर अंगणात बसून पक्कड-पहारीने खिळे उपसणाऱ्या बाईच्या बोटांवर. लाकडावरून तळवा फिरवत ती शेवटचा चुका शोधते, खडूने फुली मारते आणि तो आरा चालू करतो. तिची जात त्याला ठाऊक नसते, त्याचा धर्म तिने विचारलेला नसतो. उतरवलेल्या माळवदाचा खण तरी पाहा: सागाचा खांब, बाभळीचा सर, लिंबाची किलच, वर पांढऱ्या मातीचा भार. प्रत्येकाचं फुगणं-आटणं निराळं. जुन्या सुताराने सगळ्यांना एकाच जातीचं करायचा खटाटोप केला नाही, खाचेत सुतभर मोकळीक ठेवली. आजच्या ठोकून-चिकटवून बसवलेल्या फळ्या पहिल्याच उन्हाळ्यात तडकतात, हे आपण जाणतोच.

यादी वेगळी होणार नाही. ज्यांना ती चालत नसेल त्यांनी वर्गणी परत मागावी, मनिऑर्डर लगेच निघेल.

बाकीच्यांनी कामाला लागा. उपवनसंरक्षकांना निवेदन द्यायचं आहे. ज्यांचा माल अडकला त्यांनी घर पाडण्यापूर्वीचे फोटो, घरपट्टीची पावती, टेम्पोची बिल्टी आणि मिळालेल्या नोटिशीची प्रत पाठवा. तोंडी कहाण्या नकोत. आणि निवेदनाच्या दिवशी वखारवाल्यांनी एकटं येऊ नये. पाडकामाची टोळी, आऱ्यावरचा मिस्त्री, खिळे उपसणाऱ्या बाया, पॉलिशवाले सगळे सोबत आणा आणि त्यांची त्या दिवसाची मजुरी तुम्ही भरा.