दोन डोळे, एक गॉगल

घरात जुना गॉगल आहे? त्याची एक काच काढा. दोऱ्याला किल्ली बांधून कुणाला तरी ती तुमच्यासमोर डावी-उजवीकडे, अगदी सरळ रेषेत झुलवायला सांगा. आता काळी काच एकाच डोळ्यासमोर धरा. डोळे दोन्ही उघडे हवेत हं! किल्ली चक्क गोल फिरायला लागते. घटकेत जवळ, घटकेत लांब. टोटल भन्नाट!

याला पुलफ्रिश इफेक्ट म्हणतात. कार्ल पुलफ्रिश या जर्मन शास्त्रज्ञाने 1922 मध्ये तो मांडला. बिचाऱ्याला स्वतःला मात्र तो दिसणं शक्य नव्हतं, कारण त्याचा एक डोळा गेलेला होता.

फंडा सिंपल आहे. आपल्या डोळ्यांत साधारण 6 सेंटिमीटर अंतर, म्हणून दोघांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी. त्या फरकावरून मेंदू खोली काढतो. अंधारलेल्या डोळ्याचा निरोप सेकंदाचा काही हजारावा भाग उशिरा पोचतो, तोवर किल्ली पुढे सरकलेली असते. मेंदू त्या उशिरालाच खोली समजतो.

कॉन्ट्रास्टचं तर आणखी अजब. दोन्ही डोळ्यांना फिकट दिसलं तर खोलीचा अंदाज बिघडतो. पण एकाला ठळक आणि दुसऱ्याला फिकट दिसलं, तर अनेकदा त्याहून जास्त बिघडतो!

आमच्या बीडकडच्या काकांचं नेमकं हेच झालंय. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्यात आहे. "एकावर चालायलंय की! दुसऱ्याचं बघू पुढच्या साली." त्यांच्यासमोर किल्ली झुलवली, गॉगलबिगल काही नाही. म्हणाले, "ही तर गोल फिरायली!"

काका-काकू ऊसतोडीला जातात. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. लांबचं बघायला दोन डोळ्यांतला हा फरक फारसा कामाचा नसतो, पण हाताच्या अंतरावर मोठी भिस्त त्याच्यावर. आणि कोयता चालतो तो तिथेच, बोटांपासून वीतभर. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर हा अंदाज सुधारतो, असं अभ्यासांत दिसलंय. सरकारी दवाखान्यात ते मोफतही होतं. फक्त नंतर काही आठवडे धूळ टाळायची, जे उसाच्या फडात अशक्यच.

टोळी निघते दिवाळीच्या आसपास. त्याआधीची तारीख मिळते का, ते विचारायला काकू उद्या पहिल्या एसटीने बीडला निघालीय.